अकरा वाजता घरी कोण असतं? चौदा महिन्यांच्या मुलीच्या अडकलेल्या वजनाचं प्रकरण

हे प्रकरण एकाच घराचं नाव-गाव पुसून लिहिलेलं नाही. अनेक घरांत पुन्हा पुन्हा दिसणारी गुंतागुंत इथे एका घरात मांडली आहे. वजन-उंचीचे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढमानकांशी ताडून घेतले आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला आपल्या समोरच्या मुलाचा हिशेब याच पद्धतीने करता येईल.

घर

घरात पाच माणसं. आई, वडील, वडिलांची आई, चार वर्षांचा मुलगा आणि चौदा महिन्यांची मुलगी. मुलगी सहा महिन्यांची होईपर्यंत वडिलांना कायमचं काम होतं आणि आई घरी होती. मग वडिलांचं काम सुटलं. आता मिळेल ते रोजंदारीचं काम करतात, आठवड्यातले दोन-तीन दिवस रिकामे जातात. मुलगी साडेसहा महिन्यांची असताना आईने काम धरलं. सकाळी आठला बाहेर पडते, संध्याकाळी साडेसहाला परतते. दिवसाचे साडेदहा तास दोन्ही मुलं आजीकडे. आजीचे गुडघे दुखतात, खाली बसलं की उठताना भिंतीचा आधार लागतो.

हे शेवटचं वाक्य नोंदवहीत कुणी लिहीत नाही. या प्रकरणात त्याचं वजन बरंच निघालं.

कागदावर काय दिसत होतं

मुलीचं जन्माचं वजन २.८ किलो. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, सहाव्या महिन्याला ६.९ किलो. त्या वयाच्या मुलींचा मध्यांक (निम्म्या मुली ज्याच्या वर आणि निम्म्या खाली असतात तो आकडा) ७.३, म्हणजे मुलगी उत्तम चालली होती. पुढे सातव्या महिन्याला ७.१, नवव्याला ७.४, दहाव्याला जुलाबानंतर ७.३, बाराव्याला ७.५ आणि चौदाव्याला ७.६.

आता हेच आकडे दोन तऱ्हांनी वाचता येतात. पहिली तऱ्हा म्हणजे आज मुलगी कोणत्या रेघेखाली आहे ते बघायचं. चौदा महिन्यांच्या मुलीसाठी कमी वजनाची रेघ, म्हणजे उणे दोन प्रमाण विचलन (मध्यांकापासून किती दूर ते मोजायचं माप; उणे म्हणजे खाली), ७.४ किलोवर आहे. मुलगी ७.६, रेघेच्या वर. लांबी ७३.२ सेंटीमीटर, बुटकेपणाची रेघ ७१.०, तीही वर. ७३ सेंटीमीटर लांबीच्या मुलीला ७.४ किलोच्या खाली वजन असेल तर लुकडेपणा धरतात, तिथूनही सुटली. दंडघेर १२.८ सेंटीमीटर, मध्यम कुपोषणाची हद्द १२.५. चारही ठिकाणी बचावलेली, म्हणून चारही ठिकाणी ‘सामान्य’ असा शेरा. कोणत्याच यादीत नाव नाही.

दुसरी तऱ्हा म्हणजे रेघ सोडून चाल बघायची. सहाव्या महिन्यापासून चौदाव्यापर्यंत मध्यांक ७.३ वरून ९.४ वर जातो, म्हणजे २.१ किलोची वाढ. ही मुलगी तेवढ्याच आठ महिन्यांत ७०० ग्रॅम वाढली. तिचा स्वतःचा मार्ग मध्यांकाच्या थोडाच खाली होता, तिथून ती घसरत उणे १.८ पर्यंत आली. एखादं मूल जन्मापासून उणे १.८ वर शांतपणे चालत असेल तर घाबरण्यासारखं फारसं नसतं. उणे अर्ध्यावरून घसरत तिथे आलेल्या मुलाचं काहीतरी बिघडलेलं असतं. आम्ही हे ठासून सांगतो, कारण वाढीचा आलेख भरणारे बरेच जण फक्त आजचा ठिपका टाकतात आणि मागचा ठिपका जोडत नाहीत.

घरच्यांचं म्हणणं होतं की बांधाच बारीक, आम्ही सगळेच असे. हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही, पण तपासण्यासारखा आहे. २००६ साली आलेली ही मानकं ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या मुलांवरून बेतली आहेत. १९९७ ते २००३ या काळात नीट दूध-खाणं आणि निरोगी परिसर मिळालेली मुलं तिथे मोजली गेली, आणि पहिल्या पाच वर्षांत सहाही ठिकाणची वाढ जवळजवळ सारखी निघाली. शिवाय बांधा बारीक असता तर तो सहाव्या महिन्यालाही बारीकच असायला हवा होता.

रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ आलं. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांसाठी २०२४ च्या निकषांत रक्तक्षयाची हद्द १०.५ आहे आणि ९.५ च्या खाली तो मध्यम गणला जातो.

आधी काय सांगून झालं होतं

नवव्या आणि बाराव्या महिन्याला आईला सल्ला मिळाला होता: दिवसातून पाच वेळा भरवा, वेगवेगळं द्या, वरून तेल घाला. सल्ल्यात चूक काहीच नाही. आई सुट्टीच्या दिवशी मुलीला घेऊन आली, ऐकलं, मान डोलावली. पण पाचांपैकी चार वेळा ती घरात नसते, आणि सल्ला देणाऱ्याने ते विचारलंच नाही.

मग आईने तिच्या हातात होतं ते केलं. संध्याकाळी साडेसहाला घरी आल्यावर दिवसभराची भरपाई एका जेवणात करायला निघाली. मुलगी तोवर पेंगुळलेली, तिला खाणं नको, आई हवी. आई चमचा पुढे करी, मुलगी मान फिरवी, आई गाल दाबून घास घाली, मुलगी रडत थुंकून टाकी. पाऊण तासाच्या झटापटीत जेमतेम पाच चमचे. महिन्याभरात वाटी दिसली की मुलीची मान आपोआप फिरायला लागली. सक्तीने भरवलेलं मूल कमी खातं, आणि पुढच्या वेळी चमच्याआधी भीती येते.

दुसरं काय झालं, तर वडिलांनी मन कठोर करून भूक वाढवणारं औषध आणि दुधात घालायच्या पावडरचा डबा आणला. त्या आठवड्यात अंडी आणि दूध आलं नाही. पावडर पुरवून पुरवून वापरली, अर्ध्या चमच्याने. हा खर्च बापाच्या काळजीतून झाला होता, म्हणून त्यावर बोट ठेवताना फार जपून बोलावं लागलं.

सकाळी साडेदहाची भेट

अशा घराला एक भेट दिवसा आणि एक संध्याकाळी द्यायला हवी. दिवसाची भेट देताना आई घरी नसली तरी चालतं, किंबहुना नसलेलीच बरी. त्या भेटीत प्रश्न विचारायचे नसतात, बघायचं असतं.

नऊ वाजता मुलीला अर्धा कप गोड चहा आणि दोन बिस्किटं देऊन झाली होती. आजीने नऊच्या सुमारासच ३०० मिलीलीटर पाण्यात दोन सपाट मोठे चमचे, म्हणजे साधारण २० ग्रॅम पीठ शिजवून पेज केली होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यातली निम्मी बाटलीत भरली. बाटलीच्या निपलचं भोक कात्रीने मोठं केलं होतं, पेज अडू नये म्हणून. मुलीला आडवं निजवून बाटली हातात दिली आणि आजी भांड्यांकडे वळली. बारा मिनिटांत बाटली रिकामी. उरलेली पेज झाकून ओट्यावर राहिली ती साडेतीनच्या बाटलीसाठी.

एक वाजता थोरल्याला ताटलीत जेवण वाढलं आणि धाकटीला त्याच ताटलीपाशी बसवलं. त्याने भराभर संपवलं, तिच्या तोंडात दोन-तीन घास गेले. मग अर्धं केळं. रडली तेव्हा आणखी दोन बिस्किटं.

हिशेब असा. चहाच्या ३५ कॅलरी, चार बिस्किटांच्या ११०, दोन्ही बाटल्या मिळून ७०, केळ्याच्या ४५, ताटलीतल्या घासांच्या २०, संध्याकाळच्या पाच चमच्यांच्या ६०. एकूण ३४०. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अंगावरचं दूध सरासरीइतकं मिळत असेल तर वरच्या खाण्यातून रोज सुमारे ५५० कॅलरी लागतात. इथे दूध पहाटे, संध्याकाळी आणि रात्री दोनदा, म्हणजे सरासरीपेक्षा कमीच. जे मिळत होतं त्यातही दर पाच कॅलऱ्यांमागे दोन चहा-बिस्किटांच्या.

वैविध्य मोजायचं तर आठ अन्नगटांपैकी किमान पाच लागतात. त्या दिवशी चार भरले: अंगावरचं दूध, धान्य, ताटलीतली थोडी डाळ आणि केळं. चहातलं दूध गटात धरत नाहीत. शिवाय चहातल्या तुरट घटकांमुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं.

पेज पातळ का होती

इथे आपण सगळे एका शब्दावर येऊन थांबतो: अज्ञान. या घरात ते खरं नव्हतं. आजीने दोन पिढ्या वाढवल्या होत्या, घट्ट खाणं चांगलं हे तिला ठाऊक होतं. पातळ पेज हा तिने तिच्या दिवसाला शोधलेला तोडगा होता.

घट्ट भरवायचं तर पंचवीस मिनिटं समोर बसावं लागतं. खाली बसलं की गुडघ्यांमुळे पटकन उठता येत नाही, आणि चार वर्षांचा मुलगा तेवढ्यात दाराबाहेर जाऊ शकतो. बाटलीने मूल स्वतः पितं, हात मोकळे राहतात. शिवाय आठव्या महिन्यात मुलीला एकदा घट्ट घासाचा ठसका लागला होता आणि घरात आजी एकटी होती. तिचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं, मग घास बाहेर पडला. त्या दिवसापासून पीठ एक चमच्याने कमी झालं आणि पुन्हा वाढलं नाही.

आता पोटाची बाजू बघा. या वयाच्या मुलाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिलीलीटर मावतं. ७.६ किलोच्या मुलीला सुमारे २३०. त्यातली १५० मिलीलीटर जागा पेजेने भरली, मिळाल्या ३५ कॅलरी, आणि मुलगी पोट भरलं म्हणून शांत. आजीला दिसत होतं ते शांत मूल. खाऊन तृप्त झालेलं आणि पाण्याने टम्म झालेलं मूल बाहेरून अर्धा तास सारखंच दिसतं. मग ते किरकिरतं, आणि बिस्कीट पुढे येतं.

नऊला केलेली पेज साडेतीनला देण्यात दुसरा धोका होता. शिजलेलं खाणं साध्या हवेत दोन तासांच्या वर ठेवलं की त्यात जंतू वाढतात, आणि कापलेल्या निपलच्या कडा कितीही धुतल्या तरी साफ होत नाहीत. आठ महिन्यांत तीन वेळा जुलाब झाले होते. प्रत्येक वेळी पोटाला आराम म्हणून चार-पाच दिवस खाणं तोडलं गेलं. आलेखातली दहाव्या महिन्याची घसरण तिथली.

१९९० सालच्या युनिसेफच्या चौकटीत कुपोषणाच्या मुळाशी तीन गोष्टी ठेवल्या आहेत: घरातलं अन्न, मुलाची निगा आणि आरोग्यसेवा व स्वच्छता. प्रशिक्षणात त्या तीन वेगळ्या चौकोनांत शिकवतात. इथे तिन्ही त्या एका बाटलीत होत्या.

संध्याकाळची भेट

या भेटीत सगळे घरी होते, आणि एक गोष्ट समोर आली जी कुणाच्याच नोंदीत नव्हती. वडील आठवड्यातून दोन-तीन दिवस दिवसभर घरी असतात. कुणी त्यांना काही सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. कामाशिवाय घरी बसल्याचा त्यांना संकोच वाटे, म्हणून ते बाहेरच वेळ काढत.

पैशांची चाल अशी की मजुरी हातात आली की आठवड्याची खरेदी एकदम होते. अंडी, दूध, फळं पहिल्या चार दिवसांत संपतात. शेवटचे तीन दिवस धान्य-डाळीवर. अंडी मोठ्यांच्या आणि थोरल्याच्या ताटात जातात, कारण धाकटीला दाढा नाहीत असं धरलेलं. दाढा नसल्या तरी कुस्करलेलं उकडलेलं अंडं हिरड्यांनी सहज खाता येतं.

काय बदललं

आईचे तास आणि वडिलांचं काम आमच्या हातात नव्हतं, हे आधीच मान्य केलं. जे केलं ते या दोन गोष्टी तशाच राहतील असं धरून.

सगळ्यात आधी आजीची बैठक. घरात एक बुटकी खुर्ची होती, ती भिंतीपाशी आणली. मुलीला समोर टेकू देऊन उंचावर बसवलं, म्हणजे दोघींची तोंडं समोरासमोर आली आणि आजीला खाली बसावं लागेना. दाराला कडी. थोरल्याला त्याची वेगळी वाटी, त्याच वेळी. वाचायला क्षुल्लक वाटेल, पण हे झाल्याशिवाय पुढचं काहीच टिकलं नसतं.

मग ठसका. ठसका लागलेलं मूल खोकतं, आवाज करतं, लाल होतं. घास बाहेर ढकलण्याची ती शरीराचीच सोय आहे, आणि लहान मुलांत ती मोठ्यांपेक्षा लवकर जागी होते. घास खरंच अडकलेलं मूल गप्प होतं, रडू शकत नाही, ओठ निळे पडतात. आजीला हा फरक समजावला. घास अडकला तर वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून खांद्यांच्या मधोमध पाच थापा आणि तरी न सुटल्यास पोटावर आत-वर पाच दाब कसे द्यायचे, हे प्रशिक्षित माणसाकडून करून दाखवलं. आख्खे दाणे आणि गोल कडक तुकडे वर्ज्य. पीठ वाढवायला आजी तयार झाली ती यानंतर, कॅलऱ्या ऐकून नव्हे.

पेजेच्या जागी कोरडं मिश्रण. तीन वाट्या धान्य, एक वाटी डाळ, अर्धी वाटी शेंगदाणे, तिन्ही वेगवेगळं मंद आचेवर भाजून एकत्र दळलेलं. शेंगदाणे आधी चिमूटभर देऊन तीन दिवस बघितले, पुरळ किंवा सूज आली नाही म्हणून घातले. घट्ट झाकणाच्या डब्यात हे पीठ दोन-तीन आठवडे राहतं. सुट्टीच्या दिवशी आई करून ठेवते.

एका वेळेला यातलं ३० ग्रॅम, म्हणजे तीन मोठे चमचे, १५० मिलीलीटर पाण्यात शिजवायचं. इथेच बहुतेक घरांत गाडी अडते. एवढ्या पाण्यात एवढं पीठ घातलं की गोळा होतो, मूल तो फिरवत बसतं, आणि आजी पुन्हा पाणी ओतते. त्यावर उपाय मोड आलेल्या धान्याचं पीठ. धान्य रात्रभर भिजवून, ओल्या कापडात दीड-दोन दिवस मोड आणून, उन्हात खडखडीत वाळवून दळायचं. बुरशीचा पांढरा-हिरवा ठिपका दिसला तर सगळं फेकायचं. भाजायचं तर नुसतं गरम होईल इतपत, कारण पेज सैल करणारं मोडातलं विकर (एन्झाइम) जास्त उष्णतेने निकामी होतं. पेज शिजली की खाली उतरवून, बोटाला चटका बसेल पण उकळी नसेल अशा वेळी हे पीठ एक लहान चमचा घालून ढवळायचं. आठ-दहा मिनिटांत गोळ्याचं सैल, चमच्यावर धरेल असं खाणं होतं. मग एकदा उकळी आणून वरून लहान चमचाभर तेल. आता तेवढ्याच १५० मिलीलीटरमध्ये १५५ च्या आसपास कॅलरी बसतात. आधीच्या चौपटीहून जास्त.

घट्टपणा तपासायला चमचा तिरपा करायचा. खाणं धारेने गळलं तर पातळ, क्षणभर थांबून लोंबत पडलं तर बरोबर. आजीने हे आपल्या तळहातावर करून पाहिलं. पहिल्या दिवशीची धार आणि आजचा घास तिने स्वतः ताडून बघितला.

वेळा ठरल्या त्या माणसांप्रमाणे. सकाळी निघण्याआधी अंगावरचं दूध. अकराला आजीकडून पिठाचं खाणं, ताजं. दीडला घरचंच धान्य-डाळ-भाजी कुस्करून अर्धी मोठी वाटी, तेलासह. चारला वडील घरी असतील तर कुस्करलेलं अंडं आणि केळं ते भरवणार, नसतील तर आजी पुन्हा पिठाचं. साडेसहाला आई आली की पहिली वीस मिनिटं दुसरं काही नाही, फक्त अंगावर घेणं; चूल तोवर वडील किंवा आजी बघतील. जेवण सातला, वाटीतलं मुलीने हाताने खायचं, आई फक्त मदतीला. मान दोनदा फिरवली की वाटी उचलायची. हे शेवटचं पाळणं आईला सगळ्यात जड गेलं.

बाटली दहा दिवसांत गेली. सकाळची आधी, दुपारची नंतर, पाण्यासाठी उघडी वाटी. चहा बंद, बिस्कीट दिवसाला एकावर. आठवड्याच्या खरेदीतून चार अंडी आणि तेलाची छोटी बाटली मुलीच्या डब्यात वेगळी ठेवायची, एक दिवसाआड एक अंडं. खरेदी वडील करतात, म्हणून हे त्यांच्याशी ठरवलं. आजी-आईशी ठरवून निरोप पाठवला नाही.

लोहाचं औषध डॉक्टरांनी दिलं, किलोमागे रोज ३ मिलिग्रॅम, तीन महिने. जुलाब झाले तर दर जुलाबामागे ५० ते १०० मिलीलीटर जलसंजीवनी, १० ते १४ दिवस रोज २० मिलिग्रॅम जस्त, खाणं चालूच, आणि बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त.

पुढचे चार महिने

दर दोन आठवड्यांनी त्याच काट्यावर, सकाळी, कपडे काढून वजन. दोन आठवड्यांनी ७.७, चार आठवड्यांनी ७.९. महिन्याला ३०० ग्रॅम. या वयाची नेहमीची चाल २०० च्या आसपास. एक ग्रॅम नवं वजन धरायला साधारण ५ कॅलरी लागतात. त्या हिशेबाने रोजच्या जादा १५० ते २०० कॅलऱ्यांनी याहून जास्त वाढायला हवं होतं. पण खाणं मिळालेलं मूल हालचाल वाढवतं, रांगायचं सोडून उभं राहतं, त्यात बराच वाटा जातो. आजीची तक्रार होती की पोरगी आता एका जागी बसत नाही. ती तक्रार आम्ही आलेखाशेजारी लिहून ठेवली.

पाचव्या आठवड्यात वडिलांनी मोबाईलवर चित्रं लावून भरवायला सुरुवात केली. चार दिवस वाटी पटापट संपली. पाचव्या दिवशी मोबाईलशिवाय तोंड उघडेना. स्क्रीनकडे बघणाऱ्या मुलाला भूक आणि पोट भरणं दोन्ही कळेनासं होतं. पूर्ववत व्हायला आठवडा गेला.

सहाव्या आठवड्यात वजन ७.९ वरच. आजी नात्यातल्या आजारपणामुळे दहा दिवस बाहेर गेली होती, वडिलांना नेमकं तेव्हाच काम लागलं, मुलं शेजारणीकडे. शेजारीण मायाळू, पण तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. बिस्किटं आणि चहा परत आले. ही चूक आराखडा करणाऱ्यांची. एकाच माणसाच्या गुडघ्यांवर उभा केलेला आराखडा ते माणूस उठून गेलं की पडणारच. मग शेजारणीला बोलावून पीठ करून दाखवलं, चमचा तिरपा करून दाखवला, आणि तीन चित्रांचा एक कागद डब्याच्या झाकणाला चिकटवला.

आठव्या आठवड्यात ८.२. सतराव्या महिन्याला ८.५, अठराव्याला ८.८. त्या वयाची कमी वजनाची रेघ ८.१ आहे, म्हणजे मुलगी उणे १.८ वरून उणे १.३ वर आली. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.९. लांबी मात्र ७६.५, उणे १.२ वरून उणे १.४ च्या थोडं खाली. वजन सुधारताना लांबी मागे राहिलेली बघून पुष्कळ जण आराखडा फसला असं धरतात. शरीर आधी वजन भरून काढतं, लांबी त्यानंतर काही महिन्यांनी चाल धरते, आणि सगळी भरून निघेलच असं नाही. म्हणून लांबीची नोंद दोन वर्षांपर्यंत चालू ठेवायची आहे.

आईचं हिमोग्लोबिन या सगळ्यात कुणी पाहिलं नव्हतं. ती सगळ्यांच्या नंतर जेवते आणि रात्री दोनदा उठते. तिची तपासणी चौथ्या महिन्यात झाली, ती पहिल्या भेटीत व्हायला हवी होती.

शेवटच्या भेटीत मुलीचं वजन झाल्यावर थोरला आपणहून काट्यावर चढला. पहिल्या दिवशीच्या नोंदीत आम्ही त्याच्याबद्दल एवढंच लिहिलं होतं की तो धाकटीच्या वाट्याचं भराभर संपवतो. काटा १३.१ किलोवर थांबला. चार वर्षं उलटलेल्या मुलाचा मध्यांक १६.३ च्या वर असतो आणि चार पूर्ण झालेल्यांची कमी वजनाची रेघ १२.७. त्याच्या कार्डावरची याआधीची नोंद तो दीड वर्षाचा असतानाची होती. त्याच दिवशी त्याचा कागद काढला आणि दीडच्या जेवणाला त्याची वाटी मोजायला सुरुवात केली.